साच्याचा आवाज आणि शिकणारे यंत्र : विद्यार्थ्यांच्या विज्ञान-लघुपटाविषयी

भारतीय चित्रपटाचा प्रारंभ पुराणकथेने झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु त्या पुराणकथेच्या आधी वाटाण्याचे एक रोप होते. १९११ साली गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये पडद्यावरील हलती चित्रे पाहून धुंडिराज गोविंद फाळके यांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा मिळवून मुंबईस परतले. आता प्रश्न होता भांडवलाचा. आपल्याला ही विद्या साधली आहे हे सावकाराला पटवावयाचे कसे? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि कित्येक दिवस ठराविक अंतराने एकेक चौकट टिपली. महिन्याची वाढ मिनिटाभरात दाखविणारा तो लघुपट म्हणजे ‘अंकुराची वाढ’. त्यानंतर दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चे काम झाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांपुढे आला. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके यांनी घरातच केली होती.

विद्यार्थ्यांच्या विज्ञान-लघुपटाचा विचार करताना ही हकीकत प्रथम आठवावी लागते. ‘अंकुराची वाढ’ला नट नव्हते, नेपथ्य नव्हते. होती ती एक कल्पना, आणि ती सिद्धीस नेण्याइतका धीर. आज कोणत्याही शाळेत शिक्षकांच्या खिशातील मोबाइल फाळक्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक कामे करतो. उणीव साधनांची राहिलेली नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता नववीत कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. आता तर हा विषय वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि मुलांच्या हातातील मोबाइलमधून घरोघर पोहोचला आहे. साहजिकच विज्ञान प्रदर्शने आणि स्नेहसंमेलने यांच्या निमित्ताने मुले या विषयावर लघुपट करू पाहतात. त्यांतील पुष्कळ लघुपट एकाच साच्यातले निघतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवून केलेला यंत्रमानव, डोळ्यांच्या जागी लाल दिवे, घोगरा आवाज आणि शेवटी जगाचा विनाश किंवा यंत्राला फुटलेला पाझर. ही कथा मुलांनी आपल्या परिसरात पाहिलेली नसते. ती परदेशी चित्रपटांतून उसनी आलेली असते, आणि यंत्र खरोखर काय करते याविषयी ती प्रेक्षकाला काहीच सांगत नाही. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागातील मुलांना तर अशी उसनवारी करण्याचे मुळीच कारण नाही.

मागापासून संगणकापर्यंत

‘रोबो’ हा शब्द प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. तो नाटकातून आला. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकात एक कारखाना कृत्रिम कामगार तयार करतो. त्या कामगारांसाठी चापेक यांना हा शब्द त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला. चेक भाषेतील ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे श्रम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. म्हणजे यंत्रमानवाची पहिली कथा ही मुळात कामगारांची, गिरणीच्या फाटकाशी येऊन थांबणारी कथा आहे.

संगणकाचे मूळही फार दूर नाही. फ्रान्समधील जोसेफ जकार्ड याने १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला की, ज्यात कोणता धागा उचलावा आणि कोणता खाली ठेवावा हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठरवीत. भोक असेल तर एक क्रिया, नसेल तर दुसरी. नक्षी विणकराच्या हातातून निघून पुठ्ठ्यावर गेली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच युक्ती उचलली, आणि १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी जकार्डच्या मागाशी त्याची तुलना केली. माग फुलापानांची नक्षी विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणील, असा त्यांचा आशय होता. यंत्र आपण होऊन काही नवे निर्माण करीत नाही, सांगितले तेवढेच करते, असेही त्यांनी नोंदविले. या मुद्द्याला शंभराहून अधिक वर्षांनी, १९५० साली, ॲलन ट्यूरिंग यांनी आपल्या सुप्रसिद्ध निबंधात उत्तर देण्याचा प्रयत्न केला. यंत्र विचार करू शकते काय, हा त्या निबंधाचा प्रश्न. वाद आजही मिटलेला नाही.

मुंबईत कावसजी दावर यांच्या गिरणीने १८५६ साली ताडदेव येथे उत्पादन सुरू केले. त्यानंतरच्या शतकभरात परळ-लालबागचा परिसर ‘गिरणगाव’ झाला. यंत्र आणि माणूस यांच्या संबंधाचा प्रश्न येथे पुस्तकातून आलेला नाही. १९२८ साली गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे एका विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत ही कार्यक्षमतेची योजना. वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून जाणार, हा तो प्रश्न होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जगभर जे विचारले जाते, ते याहून फारसे वेगळे नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर व्यापारी संकुले आणि कार्यालये उभी राहिली. तेथे नातवंडे संगणकापुढे बसतात. गिरण्या केवळ यंत्रांमुळे बंद पडल्या असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. नव्या यंत्रसामग्रीत पैसा न गुंतविणे, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचे वाढते मोल, संप अशी अनेक कारणे एकत्र आली. विद्यार्थ्यांच्या पटकथेत ‘यंत्र आले आणि आजोबांची नोकरी गेली’ असे सोपे वाक्य आले, तर शिक्षकांनी तेथे थांबून चर्चा घडवून आणावी.

संगणकाचे संशोधनही याच शहराच्या दक्षिण टोकाला झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात डॉ. रं. नरसिंहन यांच्या पुढाकाराने भारतीय बनावटीचा संगणक उभारण्याचे काम सुरू झाले. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० मध्ये. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. चित्रातील आकृत्या यंत्राने कशा ओळखाव्यात आणि लहान मूल भाषा कशी शिकते, या दोन प्रश्नांवर नरसिंहन यांनी पुढे दीर्घकाळ काम केले. मुलाचे शिकणे आणि यंत्राचे शिकणे हे दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची ही दृष्टी आजच्या शिक्षकालाही उपयोगी पडेल.

याच संस्थेत काम करीत असताना डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मराठी विज्ञानकथेची शिस्त तेथे दिसते : विज्ञानातील एक सत्य घ्यावे, ते वाकवू नये आणि त्या सत्यामुळे माणसावर काय प्रसंग येतो ते पाहावे. लघुपटालाही हीच शिस्त लागू पडते.

अल्प साधनांतील काही उदाहरणे

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज लुकास यांनी १९६७ साली विद्यार्थी म्हणून सुमारे पंधरा मिनिटांचा एक विज्ञानपट केला. संगणकांच्या नजरेखालून पळणारा एक माणूस, एवढेच त्याचे कथानक. भविष्यकालीन शहर उभारण्याऐवजी लुकास यांनी विमानतळ, मोटारतळ अशा हाताशी असलेल्या जागा निवडल्या आणि पाळत ठेवणाऱ्यांचे तुटक बोलणे व यंत्रांचे आवाज यांवर भिस्त ठेवली. पुढे याच कल्पनेवर त्यांनी मोठा चित्रपट केला.

त्याच विद्यापीठात १९७० च्या सुमारास जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी ‘डार्क स्टार’ हा चित्रपट सुरू केला. तो पूर्ण होऊन १९७४ साली प्रकाशात आला. त्यातील परग्रहवासी प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळावयाचा रबरी चेंडू आहे, आणि तो तसा दिसतोही. पण चित्रपट लक्षात राहतो तो एका बोलणाऱ्या बाँबमुळे. बाँब विचार करू शकतो, त्याला स्फोटाची आज्ञा मिळालेली आहे, आणि ती चुकून मिळाली हे त्याला वादविवादाने पटवून देण्याची वेळ अंतराळवीरावर येते. एक निर्जीव पेटी आणि एक सभ्य आवाज, यांतून विनोद आणि भय दोन्ही निर्माण होतात. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या खर्चिक चित्रपटातील हॅल हा संगणकसुद्धा पडद्यावर केवळ एक लाल भिंग आणि एक शांत आवाज आहे. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी १९६५ च्या ‘अल्फाव्हिल’मध्ये संगणकाच्या सत्तेखालील नगर दाखविले ते त्या काळच्या पॅरिसमधील रस्ते, जिने आणि कार्यालये रात्री चित्रित करून. त्यातील संगणकाला स्वरयंत्र गमावलेल्या एका माणसाने, घशातील कृत्रिम साधनातून, आवाज दिला.

आपल्याकडे सत्यजित राय यांच्या ‘अनुकूल’ या कथेवर सुजॉय घोष यांनी २०१७ साली वीस-बावीस मिनिटांचा हिंदी लघुपट केला. त्यातील यंत्रमानव म्हणजे साध्या वेषातील, नम्रपणे बोलणारा घरगडी आहे. ज्याची नोकरी यंत्रमानवामुळे गेली असा एक नातेवाईक घरी येतो आणि प्रसंग पेटतो. चंदेरी कागदाचा तुकडाही न वापरता प्रेक्षक त्याला यंत्र मानतो, कारण इतर पात्रे त्याला तसे मानतात.

यंत्राला काय येते

चांगल्या कथेसाठी यंत्राविषयीचे एक तरी सत्य विद्यार्थ्यांच्या हाताशी असले पाहिजे. आजची शिकणारी यंत्रे नियम पाठ करून शिकत नाहीत, तर उदाहरणांवरून शिकतात. एखाद्या आवाजाचे शेकडो नमुने त्यांना देऊन ‘हा अमुक’, ‘हा तमुक’ असे सांगितले की, नव्या आवाजाचे कोणत्या नमुन्यांशी साम्य आहे याचा ती अदमास बांधतात. उत्तर निश्चित नसते. ते संभवाच्या प्रमाणात असते. हे केवळ सांगून न थांबता वर्गात करून पाहता येते. गूगल कंपनीने २०१७ साली खुले केलेले ‘टीचेबल मशीन’ हे साधन पुढे आवाजासाठीही उपलब्ध झाले. त्यात मुले स्वतः आवाजांचे कप्पे पाडू शकतात, प्रत्येक कप्प्यात नमुने भरू शकतात आणि काही मिनिटांत यंत्राची परीक्षा घेऊ शकतात. संगणकाची भाषा येण्याची गरज नाही.

या प्रयोगात लवकरच एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. यंत्राला चार प्रकारचे आवाज शिकविले असतील, तर पाचवा, कधीही न ऐकलेला आवाज आला तरी ते त्या चारांतच त्याची वाटणी करते. टक्क्यांची बेरीज शंभर व्हावयाची असते. कुकरची शिटी ऐकवली तरी ती कोठल्या तरी कप्प्यात जाऊन बसते, आणि कित्येकदा मोठ्या खात्रीने बसते. ‘ठाऊक नाही’ असा कप्पा कोणी मुद्दाम घडविला नसेल, तर यंत्राजवळ ते उत्तर नसते.

या एका सत्यावर दहा मिनिटांचा लघुपट उभा राहू शकतो. समजा, लालबागच्या एका चाळीत एक निवृत्त विणकर राहतो. साचेखात्यातील कोलाहलात त्याची उमेद गेली. तेथे शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागे. धोटा अडकला, पट्टा सैल झाला, ताण्याचा धागा तुटला, हे त्याला आवाजातील फरकावरून कळत असे. त्याच आवाजाने त्याचे कान अधू केले आहेत. काही वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसे त्याच्याकडे आली होती. त्यांनी साच्यांच्या आवाजांच्या ध्वनिफिती त्याला कर्णयंत्र लावून ऐकवल्या, कोणता आवाज कशाचा ते विचारून लिहून घेतले आणि दोन दिवसांचा रोज देऊन ती निघून गेली. आता त्यांचे यंत्र बाजारात आले आहे. यंत्रमागाला ते लावले की, आवाज ऐकून ते बिघाड सांगते. विणकराची नात भिवंडीच्या एका कारखान्यात या यंत्राची देखरेख करते, आणि एके दिवशी त्या यंत्राच्या उत्तरांत तिला आजोबांचे शब्द सापडतात.

येथपर्यंत यंत्र दुष्ट नाही, बिघडलेलेही नाही. ते आज्ञाधारक आहे, आणि बहुतेक वेळा बरोबरही आहे. मग एका रात्री पूर्वी कधीच न आलेला आवाज येतो. यंत्र क्षणात उत्तर देते. नातीला शंका येते, ती घरी दूरध्वनी लावते. पलीकडे ऐकू कमी येणारा म्हातारा.

“आबा, यंत्र म्हणतंय धागा तुटलाय. नव्वद टक्के खात्री आहे म्हणतंय.”

“मला नाही सांगता यायचं, पोरी. साचा थांबव. हात लावून बघ.”

साचा थांबवायचा तर उत्पादन थांबते, मालकाला जाब द्यावा लागतो. ज्याने यंत्राला शिकविले तो ‘मला सांगता येत नाही’ असे म्हणतो. जे त्याच्याकडून शिकले ते कधीच तसे म्हणत नाही. निर्णय मुलीला घ्यावयाचा आहे. ती काय करते आणि आवाज कशाचा निघतो, हे वर्गानेच ठरवावे. दोन-तीन शेवट लिहून पाहावेत आणि ज्यावर वर्गात सर्वांत अधिक भांडण होईल तो ठेवावा. विजेचा लोळ आणि स्फोट घालण्याचा मोह येथे हमखास होईल. तो शिक्षकांनी टाळावा.

या कथेतील यंत्र पडद्यावर खोटे दाखविण्याचीही गरज नाही. मुलांनी साच्याच्या आवाजाचे नमुने गोळा करून स्वतः शिकविलेले यंत्रच चित्रपटात वापरावे आणि त्याच्या चुका घडल्या तशा चित्रित कराव्यात. गिरणगावात चालू साचेखाता आता मिळणार नाही. परंतु भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमाग आहेत. तेथील एखाद्या शाळेशी लालबागच्या शाळेने पत्रव्यवहार करून आवाज मागविले, तर दोन वर्गांचा मिळून एक चित्रपट होईल. तेथील मुलांच्या घरी तो आवाज रोज ऐकू येतो. लालबागच्या मुलांनी तो बहुधा कधीच ऐकलेला नसतो.

चित्रीकरणाची तयारी

पटकथा लिहिताना साधारणपणे एक पान म्हणजे एक मिनिट असे गणित धरतात. दहा मिनिटांसाठी दहा पाने पुरेत. विद्यार्थी पहिल्या खेपेस पंचवीस लिहितात. ती कमी करणे हा या साऱ्या उपक्रमातील सर्वांत मोठा भाषापाठ आहे. ज्या वाक्याचे काम चित्र करते ते वाक्य खोडावे, एवढा एकच नियम बऱ्याच अंशी पुरतो.

चाळीत चित्रीकरण करताना खरी अडचण प्रकाशाची नसून आवाजाची असते. गॅलरीतून उजेड पुष्कळ येतो. पण नळाला पाणी आले की संवाद बुडतो. म्हणून पाणी येण्याची वेळ, शाळा सुटण्याची वेळ, शेजारच्या घरातील मालिकेची वेळ यांची नोंद आधी करावी. मोबाइलला जोडता येणारा, सदऱ्याला लावण्याचा एक साधा ध्वनिग्राहक मिळाला, तर तो खर्च सर्वांत सार्थकी लागतो. प्रत्येक जागी संवादाविना अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. संकलनात तुकडे जोडताना पार्श्वभूमी तुटू नये म्हणून हीच शांतता उपयोगी पडते. मोबाइल आडवा धरावा, तिवईवर किंवा विटांच्या रचनेवर स्थिर ठेवावा आणि प्रकाशाची मात्रा चित्रणापूर्वी कायम करून घ्यावी. नाही तर माणूस खिडकीजवळ गेला की चित्र आपोआप काळे-पांढरे होत राहते.

यंत्र ‘शिकत आहे’ हे दाखवावयाचे कसे? येथे फाळक्यांची कुंडी पुन्हा मदतीला येते. टेबलावर धाग्याची रिळे ठेवून प्रत्येक छायाचित्रानंतर ती बोटभर सरकवली, तर धागे आपोआप विणले जात असल्याचा भास होतो. सेकंदाला बारा छायाचित्रे धरली तर दहा सेकंदांसाठी एकशे वीस छायाचित्रे लागतात. दोन विद्यार्थी एका दुपारी हे काम करू शकतात. केवळ स्थिर छायाचित्रांवर उभा असलेला विज्ञानपटही जगात आहे. फ्रान्सच्या ख्रिस मार्कर यांचा १९६२ चा ‘ला जेते’ हा अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट एका क्षणाचा अपवाद वगळता स्थिर छायाचित्रांचाच बनलेला आहे.

याहून जवळचे गुरू लालबाग-गिरगावातच आहेत. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा पुढे वाढत गेली आणि तिच्यातूनच हलत्या देखाव्यांची कला बहरली. मोटर, दोरी, पट्टा आणि एक वेडेवाकडे चाक यांच्या साह्याने पुतळ्याचा हात उचलावयाचा, मान वळवावयाची, आणि हे सारे ध्वनिमुद्रित संवादाशी नेमके जुळवून आणावयाचे. ही कामगिरी करणारे कारागीर आजही मंडळांतून भेटतात. त्यांतील काहींचे हात गिरणीतच तयार झाले होते. मुलांनी अशा एखाद्या कारागिराला शाळेत बोलवावे. त्याच्या पुतळ्याची हालचाल चाकाच्या आकाराने ठरलेली असते, ती कधी बदलत नाही. मुलांनी शिकविलेल्या यंत्राची उत्तरे नमुने बदलले की बदलतात. स्वयंचलित यंत्र आणि शिकणारे यंत्र यांतील भेद समजावण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

परवानग्यांचा विषय कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. चाळीच्या आवारासाठी तेथील रहिवाशांची संमती, रेल्वे स्थानकात चित्रीकरणासाठी रेल्वे प्रशासनाची परवानगी आणि सार्वजनिक रस्त्यावर गर्दी होणार असेल तर पोलीस ठाण्याला पूर्वसूचना आवश्यक असते. आकाशातून चित्रण करणारी ड्रोन-यंत्रे मुंबईसारख्या शहरात विनापरवाना उडवू नयेत. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचे एक पत्र सोबत असले की बरेच प्रश्न जागच्या जागी सुटतात. यंत्रमागाच्या गावात ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांनी एखादे सभागृह दोन दिवस दिले तरी मुलांचे मोठे काम होते.

आवाज कोणाचा?

अलीकडे मजकुरावरून चित्रे, आवाज आणि चलचित्रे बनविणारी साधने सहज मिळतात. ती वापरावीत की नाही, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघेलच. दृश्यांचा आराखडा काढण्यासाठी त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. परंतु चाळीचे चित्र त्यांच्याकडून काढून घेऊन ते लालबाग म्हणून दाखविणे अयोग्य आहे. यंत्र हजारो चाळींच्या चित्रांची सरासरी काढते. त्या सरासरीत कोणाच्याही दारावरचा तोरणाचा खिळा नसतो. ज्या मुलांच्या घरापासून खरी चाळ चार पावलांवर आहे त्यांनी तरी हे करू नये. जेथे अशी साधने वापरली असतील तेथे श्रेयनामावलीत तसे स्पष्ट लिहावे.

त्याहून नाजूक प्रश्न माणसाच्या आवाजाचा आहे. काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून एखाद्याच्या आवाजाची नक्कल करणे आता शक्य झाले आहे. चित्रपटातील कंपनी आजोबांकडून जे घेऊन जाते, तेच विद्यार्थ्यांनी एखाद्या खऱ्या निवृत्त कामगाराच्या बाबतीत नकळत करू नये. म्हणून मुलाखत घेण्यापूर्वी मुद्रण कशासाठी आहे, ते कोठे दाखविले जाईल, कोणत्या यंत्राला शिकविण्यासाठी वापरले जाईल काय, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे आणि लेखी संमती घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर घरातील कोणाला तरी शेजारी बसवून सांगावे. काम करणारी मुले अठरा वर्षांखालील असतील तर त्यांच्या पालकांची संमतीही तितकीच आवश्यक आहे. हे संमतिपत्र मराठीत आणि एका पानाचे असावे; मुलांनी ते स्वतः तयार केले तर पटकथेतील अर्धे प्रश्न तेथेच सुटतील. दोन दिवसांचा रोज देऊन कंपनी निघून गेली, या प्रसंगात काय चुकले, हे त्या एका पानावर त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहावे लागेल.

चित्रपट पूर्ण झाल्यावर तो कोठे दाखवावा? स्पर्धा आणि महोत्सव आहेतच. मुंबईत १९९० पासून भरत आलेल्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट-लघुपट महोत्सवात विद्यार्थ्यांच्या कृतींनाही स्थान मिळत आले आहे. परंतु पहिला खेळ ज्या चाळीत चित्रीकरण झाले त्या चाळीच्या पटांगणात, पांढऱ्या चादरीवर व्हावा. चित्रपटात ज्यांच्या अनुभवाचा उपयोग केला त्या वृद्ध कामगारांना पुढच्या रांगेत खुर्च्या द्याव्यात आणि संवाद पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटवावेत. कारण साचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ध्वनिक्षेपकाचा कितीही मोठा आवाज पुरेसा पडेलच असे नाही. खेळ संपल्यावर मुलांनी शिकविलेले यंत्र तेथेच मांडून ठेवावे. लोक त्याला टाळी, चमच्याचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे ऐकवतील आणि ते प्रत्येक वेळी ठाम उत्तर देईल. साच्याच्या मूळ ध्वनिफितींची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, दुसरी ज्या कारखान्यात आवाज मुद्रित केला तेथे, आणि तिसरी त्या विणकराच्या घरी द्यावी.